झिलकऱ्याचा फासा

‘मी बार्ड घेतो’ असं नवा खेळाडू म्हणाला की बाकीचे एकमेकांकडे बघून हसतात. ते हसू अगदीच अनाठायी नसतं. बहुतेकांच्या डोक्यातला बार्ड म्हणजे गळ्यात वाद्य अडकवलेला रंगेल गडी. लढाईला तोंड लागलं की हा मागे उभा राहून गाणी म्हणणार, सरायीत शिरला की दिसेल त्याला डोळे मारणार, आणि खुद्द ड्रॅगन समोर आला तरी त्याच्याशी लाडीगोडी करायला बघणार. असे बार्ड मी पाहिले आहेत. तासाभरात सगळ्यांना नकोसे होतात. पण त्यात दोष बार्डचा नाही, बांधणाऱ्याचा आहे. नीट बांधलेला बार्ड सोबत असेल तर जेमतेम ताकदीची चार पात्रं भलत्याच अवघड लढाईतून सुखरूप परत येतात.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगते? कॉलेजात असताना नाशिकच्या एका शाहिरी पथकात मी झिलकरी होते. पुढे नोकरीची सगळी वर्षं बँकेच्या खिडकीमागे नोटा मोजल्या. निवृत्त झाल्यावर भाच्याने इंदिरानगरातल्या त्याच्या घरी रविवारी दुपारी चालणाऱ्या खेळात मला ओढलं. ‘मावशी, एक गडी कमी पडतोय’ एवढंच तो म्हणाला होता. आता टेबलवरचे सगळेच मला मावशी म्हणतात. त्यात एक दातांची डॉक्टर आहे, सातपूरच्या कारखान्यात सीएनसी मशीन चालवणारा एक मुलगा आहे, आणि बारावीची परीक्षा तोंडावर आलेली असताना ‘क्लासला जातो’ म्हणून येणारा एक आहे. त्याच्या आईने हा लेख वाचू नये.

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली आणला. पट आणि सोंगट्या असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे सूत्रधार. गाव, जंगल, राक्षस, सरायीचा मालक, पाऊसपाणी हे सगळं त्याच्याकडे. आमच्याकडे ते काम भाचा करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतात. ‘मी भिंत चढते’ म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, आलेल्या आकड्यात आपल्या पात्राचे त्या कामातले गुण मिळवायचे, आणि बेरीज सूत्रधाराने ठरवलेल्या आकड्याला पोचली का ते बघायचं. पोचली तर चढलात. नाही पोचली तर पुढे काय झालं ते तो सांगतो, आणि बऱ्याचदा तेच जास्त मजेचं असतं. आम्ही फासे स्टीलच्या ताटात रुमाल पसरून टाकतो, कारण खालच्या मजल्यावरच्या आजोबांची ती झोपेची वेळ असते.

पात्र घेताना त्याचा पेशा ठरवावा लागतो. फायटर तलवार चालवतो, विझार्ड पोथीतून मंत्र म्हणतो, क्लेरिक देवाच्या नावाने जखमा बऱ्या करतो, रोग कुलपं उघडतो आणि पाठीत सुरा खुपसतो. बार्ड मात्र सुरुवातीपासूनच कुणाला नीटसा कळलेला नव्हता. १९७६ साली डग श्वेगमन यांनी तो खेळाच्या कंपनीच्या नियतकालिकात मांडला. १९७८ च्या नियमपुस्तकाने त्याला परिशिष्टात टाकलं, आणि तिथेही आधी फायटर व्हा, मग चोर व्हा, तेव्हा कुठे बार्ड होता येईल अशी अट घातली. एवढं करून बार्ड होणारा माणूस विरळाच असणार. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला पहिल्यापासून घेता येऊ लागलं. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि त्यात तो विझार्डच्या बरोबरीने सगळ्यात वरच्या, नवव्या दर्जाच्या मंत्रांपर्यंत पोचला. २०२४ मध्ये नियम पुन्हा सुधारले, पण आमचं टेबल अजून २०१४ वरच आहे, म्हणून पुढचे आकडे त्या पुस्तकातले.

आता झिलकऱ्याकडे येते, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

पोवाडा ऐकणाऱ्याचं लक्ष शाहिरावर असतं. फेटा, डफ, वर गेलेला हात. मागे उभ्या असलेल्या तिघाचौघांकडे कुणी बघत नाही. त्यांच्या हातात तुणतुणं असतं, झांज असते. शाहिराने ओळ टाकली की तिचं शेवटचं टोक ते उचलतात, सूर वर नेतात आणि ‘जी जी रं जी’ म्हणत ती जागा भरून काढतात. तेवढ्या अवधीत शाहीर श्वास घेतो, पुढचं कडवं जुळवतो, समोरच्या लोकांचा अंदाज घेतो. झील उशिरा आली तर तो भर सभेत उघडा पडतो. लवकर आली तर त्याचा शब्द खाल्ला जातो. तालमीत आम्ही बोलणी खायचो ती सुरासाठी कमी, वेळेसाठी जास्त. आणि टाळ्या पडायच्या त्या शाहिराला. त्याचं वाईट वाटणाऱ्याने पथकात राहू नये.

बार्डच्या हातात जे मुख्य हत्यार आहे ते नेमकं हेच काम करतं. त्याला बार्डिक इन्स्पिरेशन म्हणतात. पहिल्या लेव्हलला तो सहा बाजूंचा एक फासा असतो. साठ फुटांच्या आतल्या, आपला आवाज ऐकू जाणाऱ्या सोबत्याला तो द्यायचा. खेळातल्या दहा मिनिटांत त्या सोबत्याने आपल्या कुठल्याही एका टाकणीत तो मिळवावा, मग ती तलवारीची असो, भिंत चढण्याची असो की विषातून वाचण्याची. तो द्यायला बोनस कृती लागते, म्हणजे बार्डची मुख्य कृती मोकळीच राहते. आणि नियमात स्पष्ट लिहिलं आहे की हा फासा स्वतःला देता येत नाही. नवखे लोक पुस्तकातली ही ओळ सोडून पुढे जातात. मला विचाराल तर सगळा बार्ड त्या एका ओळीत आहे.

आमच्या टेबलवरचा एक प्रसंग सांगते. अरुंद पुलावर आडवा उभा असलेला चिलखती सरदार, त्याला वार लागायला अठरा हवेत. दातांच्या डॉक्टरची फायटर पुढे होती, मी तिला आधीच फासा देऊन ठेवला होता. तिने टाकले नऊ. त्यात तिचे पाच, झाले चौदा. ती हळहळली आणि ताटातला फासा उचलायला लागली. नियम असा की वीसचा फासा पडल्यावर, पण सूत्रधाराने निकाल सांगण्याआधी, इन्स्पिरेशन वापरायचं की नाही ते ठरवता येतं. सातपूरचा मुलगा ओरडला, ‘मावशीचा फासा टाक!’ तिने टाकला. चार. चौदा आणि चार अठरा, आणि बरोबरी झाली तरी वार लागतो. सरदार पुलावरून खाली गेला. पुढचे दोन रविवार ती सगळ्यांना तो वार सांगत होती. त्यात माझं नाव कधी येई, कधी नाही.

हे फासे दिवसाला मोजकेच मिळतात. करिज्मा, म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याचा गुण, त्यातून जितकी भर निघते तितके, म्हणजे सुरुवातीला तीन, आणि मोठी विश्रांती झाली की पुन्हा तीन. नवा बार्ड ते जपून ठेवतो, आणि रात्री सगळे झोपायला गेले तेव्हा तिन्ही त्याच्याकडे तसेच पडून असतात. जपून ठेवलेली झील कुणाच्या कामाची? लढाई सुरू होताच एक देऊन टाकावा. कुणाला, याचा मात्र विचार हवा. सगळ्यात जोरदार वार करणाऱ्याला देणं ही पहिली उबळ असते. मी आधी बघते की कुणाचा फासा चुकला तर सगळ्यांचं नुकसान आहे. कुलूप उघडणारा रोग चुकला तर घंटा वाजते आणि साऱ्या वाड्याला जाग येते. तिथे एक फासा तलवारीपेक्षा जास्त मोलाचा ठरतो.

आकड्यांचं थोडक्यात उरकते. पात्राला सहा गुण असतात आणि त्यांत १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे वाटून टाकायची एक सोपी पद्धत आहे. पंधरा डोळे झाकून करिज्माला. बार्डचे मंत्र, बोलणं, इन्स्पिरेशनची संख्या, सगळं त्यावर चालतं. चौदा डेक्स्टेरिटीला, म्हणजे चपळाईला, कारण अंगावर कातडी चिलखतच असतं आणि वार चुकवण्यावर भिस्त. तेरा कॉन्स्टिट्यूशनला, म्हणजे काटकपणाला. ताकदीला आठ. माझं पात्र माणूस आहे, आणि माणसाला सहाही गुणांत एकेक वाढवून मिळतो, त्यामुळे ते आकडे १६, १५, १४ असे झाले. पहिल्या लेव्हलला दहा जीवबिंदू आणि वार लागण्याचा आकडा तेरा. म्हणजे पुढे उभं राहायचं नाही, हे कागदच सांगतो. कॉन्स्टिट्यूशनला लोक कमी लेखतात. बार्डचे चांगले मंत्र एकाग्रतेवर टिकतात आणि एका वेळी असा एकच मंत्र चालतो. मंत्र चालू असताना वार बसला की त्या गुणावर फासा टाकून एकाग्रता वाचवावी लागते. दहा किंवा बसलेल्या माराच्या निम्मे, यातला मोठा आकडा गाठायचा.

पहिल्या लेव्हलला बार्डला चार मंत्र येतात आणि दिवसात ते दोनदाच म्हणता येतात. त्यामुळे हौसेला वाव कमी. मी घेतलेल्यांत पहिला हीलिंग वर्ड. बेशुद्ध पडलेल्या सोबत्याला साठ फुटांवरून हाक मारायची, तो उठून बसतो. बरं होणं फार नसतं, चार बाजूंचा एक फासा अधिक तीन, पण उठलेला माणूस आपल्या पाळीला पुन्हा वार करतो, हा खरा हिशेब. दुसरा फेअरी फायर. वीस फुटांच्या चौकोनातले शत्रू उजळून निघतात, अदृश्य असले तरी दिसतात, आणि त्यांच्यावर वार करणारा प्रत्येक जण दोन फासे टाकून मोठा आकडा घेतो. तिसरा डिसोनंट व्हिस्पर्स. शत्रूच्या कानात असा बेसूर घुमतो की तो पळत सुटतो, आणि पळताना त्याच्या शेजारी उभे असलेले आपले लोक त्याच्यावर फुकटचा वार करतात. चौथा स्पीक विथ अ‍ॅनिमल्स, म्हणजे जनावरांशी बोलणं. हा शांतपणे दहा मिनिटं विधी करून म्हटला तर दोनपैकी एकही संधी खर्च होत नाही. लोक त्याला टाकाऊ समजतात. सरायीत काय शिजतंय ते तिथल्या कुत्र्याला जितकं माहीत असतं तितकं मालकालाही नसतं.

एक पेच मात्र राहतोच. हीलिंग वर्डलाही बोनस कृती लागते आणि इन्स्पिरेशनलाही. एका पाळीत दोन्ही जमत नाही. पडलेल्याला उठवायचं की उभ्याला बळ द्यायचं, हे दर वेळी तिथल्या तिथे ठरवावं लागतं, आणि याचं पाठ करून ठेवता येईल असं उत्तर नाही.

याशिवाय छोटे मंत्र असतात, कितीही वेळा म्हणता येणारे. त्यातला बार्डचा खास म्हणजे व्हिशस मॉकरी, म्हणजे जिव्हारी लागणारा टोमणा. शत्रूला तो ऐकू गेला पाहिजे, कळला नाही तरी चालतो. मार फक्त चार बाजूंच्या फाशाचा, म्हणून पोरं नाक मुरडतात. पण टोमणा लागलेल्या शत्रूला पुढचा वार करताना दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. ज्याचा वार दोनात एकदा लागायचा, त्याचा आता चारात एकदा लागतो. म्हणजे तुमच्या फायटरच्या अंगावरचा अर्धा मार तुम्ही तोंडाने अडवला.

तोंडाने मारायची विद्या आपल्याकडे फडांनी रात्र रात्र चालवली आहे. कलगीवाले शक्तीला थोर म्हणणार, तुरेवाले शिवाला. एका फडाने कोडं घालायचं आणि दुसऱ्याने गाण्यातच ते सोडवून उलट कोडं घालायचं. हरलेल्या फडाला उजाडेपर्यंत मान वर करता येत नसे. त्या सवाल-जवाबातली गोम अशी की टोला समोरच्याच्या शब्दावर बसवायचा. त्याने जे म्हटलं त्याचंच टोक पकडायचं. माझा बार्ड राक्षसाला ‘तू कुरूप आहेस’ असं कधीच म्हणत नाही, ते त्याला लहानपणापासून माहीत असतं. राक्षस गरजला की ‘मी तुमची हाडं चावीन’, तर त्याच्या दातांची चौकशी करायची. आमच्या टेबलवर दातांची डॉक्टर असल्यामुळे हा विषय लांबतो.

आकडे झाले, मंत्र झाले, तरी बार्ड उभा राहत नाही. फायटर कुणासाठी लढतो हे नाही ठरवलं तरी त्याची तलवार चालते. बार्ड कुणासाठी गातो हे ठरवलं नाही तर तो तोंडी लावण्यापुरता उरतो. परदेशी पुस्तकं इथे केल्टिक भाटांची उदाहरणं देतात, ती त्यांना लखलाभ. नाशिककराला सिन्नर रस्त्यानेही जाता येतं.

सिन्नर तालुक्यातल्या बावीचे परशराम. १७५४ ते १८४४ असं नव्वद वर्षांचं आयुष्य, घरचा धंदा शिंप्याचा, आणि लावण्या अशा की पेशवाईच्या नामांकित शाहिरांत नाव लागतं. माझा बार्ड मी त्यांच्यावरून बेतला. त्याचं नाव म्हादू शिंपी. खेळात पात्राला पेशाच्या आधीचं एक आयुष्य, बॅकग्राउंड, द्यायचं असतं. बहुतेक बार्ड तिथे ‘एंटरटेनर’ लिहितात, म्हणजे गाणारा आधीही गाणाराच होता. मी ‘गिल्ड आर्टिझन’ घेतलं, हाताचा कारागीर. त्यातून समोरच्याला ओळखण्याचं आणि पटवण्याचं कसब मिळतं, शिवाय आपल्या धंद्याची अवजारं. म्हादू कपड्यावरून माणूस ओळखतो. सरदाराच्या अंगरख्याची शिवण उसवलेली आणि बटणं नवी दिसली की पैसे कुठून आले असा प्रश्न त्याला पडतो, आणि भाच्याला त्याचं उत्तर तयार ठेवावं लागतं.

त्याच तालुक्यातलं देशवंडी हे वामनदादा कर्डकांचं गाव. जन्म १९२२ चा. मुंबईत गिरणगावात राबताना, मोठ्या वयात, ते अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. १९४३ मध्ये पहिलं गाणं रचलं, ते एका चालत्या हिंदी गाण्याच्या चालीवर, आणि पुढे आंबेडकरी चळवळीसाठी हजारो गाणी लिहून गावोगाव गायले. ज्यांना गाता येत नाही अशा खेळाडूंना मी हीच वाट सांगते. चाल ओळखीची घ्या, शब्द तेवढे आपले घाला. आमच्या बारावीच्या गड्याने एकदा बार्ड घेतला होता. तो शाळेच्या प्रार्थनेच्या चालीवर भुतांना घाबरवायचा.

वामनदादांच्या आधी भीमराव कर्डकांचा जलसा नाशिक जिल्ह्यातून निघाला होता. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, त्या आगेमागेच्या काळातली ही गोष्ट. तमाशाचा साचा लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. आंबेडकरी जलशांनी तो ठेवला आणि आतला मजकूर बदलला. पूर्वी जिथे देवाला वंदन असे तिथे बाबासाहेब आले, गवळणीच्या छेडछाडीची जागा सवाल विचारण्याने घेतली. ज्या गावात सभा भरू दिली नसती तिथे जलसा बघायला गर्दी होई. बार्ड खेळणाऱ्याने यातून एक प्रश्न आपल्या सूत्रधाराला आधीच विचारून ठेवावा. या राज्यात लोक कुठलं गाणं आधीपासून ओळखतात? ते कळलं की त्यात भलते शब्द घालून बाजारात सोडता येतात. म्हादूने धान्याच्या कराविरुद्ध असंच एक ओवीसारखं काही सोडलं होतं. महिनाभराने दुसऱ्या शहराच्या वेशीवर पहारेकरी तेच गुणगुणत होता. ते भाच्याने आपण होऊन घातलं, मी सांगितलं नव्हतं.

आणि कवी गोविंद. गोविंद त्र्यंबक दरेकर, १८७४ ते १९२६. तिळभांडेश्वर गल्लीत मित्रमेळा या क्रांतिकारी मंडळाची पोरं जमायची, त्यांचे हे कवी. पायांनी अधू, धावपळीच्या कुठल्याच कामाला शरीर साथ देणारं नाही. त्यांच्या कविता मात्र नाशिकच्या मेळ्यांतून लोकांच्या तोंडी गेल्या. त्या काळी सरकार कवितेला किती भ्यायचं त्याचा दाखला याच शहरात आहे. कवितांची पुस्तिका छापल्याच्या आरोपावरून १९०९ च्या जूनमध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळं पाणी झालं, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. इतिहास म्हणून त्यावर कुणाला काय म्हणायचं ते म्हणावं. खेळणाऱ्याने एवढं ध्यानात घ्यावं की बार्डच्या कागदावर ताकदीसमोर आठ लिहिलेलं असलं तरी त्याचं गाणं दरबारात पोचू शकतं, आणि पोचलं तर त्याची किंमत कुणीतरी दुसरंच मोजतं. माझ्या मते बार्डला सूत्रधाराकडून मागून घ्यावी अशी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे बंदी आलेलं एक गाणं. जादूची सतार मागू नये.

टेबलवर बसल्यावर बार्ड खेळणाऱ्याने काय करावं याबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. ‘पर्सुएजन’ या कसबावर वीस पडले म्हणजे राजा सिंहासन सोडून देतो, असं नसतं. पटणाऱ्याला जे मुळात शक्य आहे तेवढंच पटतं. चार जणांतर्फे बार्डनेच बोलावं ही सवयही मोडावी. दुसरा खेळाडू चाचरत बोलायला लागला की त्याला बोलू द्यावं आणि आपण ‘हेल्प’ म्हणून त्याला दुसरा फासा मिळवून द्यावा. आणि वही ठेवावी. वहीत सोबत्यांनी केलेल्या करामती, माणसांची नावं, गावं, वेळ लिहावी. य. न. केळकरांनी संपादित केलेले ‘ऐतिहासिक पोवाडे’ चाळा, किंवा त्याआधी १८९१ मध्ये अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी छापलेला संग्रह. पोवाडा नुसत्या शौर्याच्या आरोळ्यांवर उभा नसतो. कोण कुठल्या वाटेने आला, बरोबर किती माणसं होती, कुणी काय निरोप धाडला, अशा तपशिलांनी तो भरलेला असतो. दर रविवारी खेळ सुरू होण्यापूर्वी मी गेल्या खेपेचा वृत्तांत पोवाड्याच्या ढंगात चार-सहा ओळींत म्हणते. त्यात प्रत्येकाची एक तरी करामत नावानिशी येते. यानं कुठल्या फाशात काही मिळत नाही. पण सातपूरचा मुलगा रात्रपाळी करून जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांनी येतो, त्याच्या रोगचं नाव आलं की तो ताठ बसतो.

खर्चाचं विचाराल तर सात फाशांचा संच एखाद्या सिनेमाच्या तिकिटात येतो आणि एका टेबलला एकही पुरतो. मूळ नियमांचा मोठा भाग कंपनीने २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला आहे, तो उतरवून घ्यावा आणि पात्राचा कागद झेरॉक्स करावा. बार्ड पहिल्यांदा पडद्यावर बघायचा असेल तर त्याच वर्षीच्या ‘ऑनर अमंग थीव्हज’ चित्रपटात ख्रिस पाइनने केलेला एडगिन आहे. तो सगळा चित्रपटभर योजना आखतो आणि मारामारी दुसऱ्यांवर सोपवतो, हे मला आवडलं.

म्हादू आता तिसऱ्या लेव्हलला पोचतो आहे, तिथे बार्डला कॉलेज निवडावं लागतं. मूळ पुस्तकात दोन आहेत. व्हॅलर घेतलं तर चांगलं चिलखत आणि ढाल मिळते, आणि दिलेला फासा सोबती आपल्या वाराच्या मारात मिळवू शकतो. लोअर घेतलं तर तीन कसबं जास्त, आणि कटिंग वर्ड्स: शत्रूचा फासा पडल्यावर आपला इन्स्पिरेशनचा फासा टाकून त्यातून तेवढे वजा करायचे. पाचव्या लेव्हलपासून हे फासे छोट्या विश्रांतीतही परत मिळतात, तेव्हा दोन्हींकडे सढळ हाताने खर्च करता येतो. भाचा म्हणतो, मावशी, व्हॅलर घे, दहा जीवबिंदूंपासून तू फार वर गेलेली नाहीस आणि पुढे मी जे योजलंय त्यात ढाल लागेल. दातांच्या डॉक्टरलाही व्हॅलर हवं आहे, तिच्या तलवारीला माझा फासा जोडता येईल म्हणून. मी लोअर घेणार आहे. भाचा स्वतः राक्षसांचे फासे टाकतो, आणि त्याच्या सतरामधून पाच वजा करताना त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचं आहे.